हातात किती आणि कागदावर किती

नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कंपनीत मुलगा नव्याने कामाला लागला, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: हातात किती येणार? प्रश्न गैर नाही. खोलीचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे, गाडीचे पेट्रोल हे सगळे त्याच आकड्यातून भागवायचे असते. पण काम मिळणे अवघड झालेल्या या काळात केवळ त्या एका उत्तरावर नोकरी निवडणारा माणूस पाच वर्षांनी पुन्हा त्याच गेटवर, त्याच पगारात उभा राहतो. म्हणून आणखी एक प्रश्न तितक्याच निकडीने विचारला पाहिजे: कागदावर किती? नेमणूकपत्र आहे का, पगाराची स्लिप मिळते का, पीएफच्या पासबुकात दरमहा नोंद पडते का? नोंद असलेले थोडे कमी पगाराचे काम हे नोंद नसलेल्या थोड्या जास्त पगाराच्या कामापेक्षा चांगले, हा या लेखाचा मुद्दा आहे, आणि तो भावनेवर नाही, हिशेबावर उभा आहे.

आधी हिशेबच पाहू. ‘बारा तास ड्युटी, 18,000 रुपये’ अशी ऑफर नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यात सर्रास ऐकू येते. ऐकताना आकडा बरा वाटतो. पण आठ तासांच्या पुढचा प्रत्येक तास हा ओव्हरटाइमचा असतो आणि कारखान्यातल्या ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. म्हणजे वरचे चार तास हिशेबाला आठ तासांइतके धरायचे. बारा तासांच्या दिवसाचे मोल असे सोळा तासांचे झाले. 18,000 ला या हिशेबाने भागले, तर आठ तासांच्या महिन्याचा पगार निघतो 9,000 रुपये. इंजिनिअरिंग उद्योगातल्या अकुशल कामगाराला नाशिक शहरात जे किमान वेतन द्यावे लागते, त्याच्याही तो खाली आहे. ऑफर देणाऱ्याने खोटे काही सांगितलेले नसते. त्याने फक्त तास आणि पैसे एका वाक्यात बांधून टाकलेले असतात. ते सुटे करून पाहण्याची सवय प्रत्येक काम शोधणाऱ्याने लावून घ्यावी. ऑफर कितीचीही असो, पहिला भागाकार आठ तासांचा करा.

ही सवय आधीच्या पिढीला लावून घ्यावी लागली नाही, कारण तिच्यासाठी नोकरी म्हणजे एकदा चिकटले की निवृत्तीपर्यंतची सोय होती. नाशिकरोडचे प्रेस, ओझरचे एचएएल, त्यानंतर सातपूरला आलेल्या मोठ्या कंपन्या. तिथे आकडा आणि कागद वेगळे नव्हतेच. आज मोठ्या कंपनीच्या गेटमधून आत जाणाऱ्यांत किती जण खरोखर त्या कंपनीचे असतात, हे त्यांच्या गेटपासवरचे नाव वाचून कळते. कोणी ठेकेदाराचा, कोणी ट्रेनी, कोणी अप्रेंटिस, कोणी ठरावीक मुदतीचा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत एक तरतूद होती: बारा महिन्यांत 240 दिवस सलग सेवा झालेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करावे. कामगाराच्या बाजूने लिहिलेल्या त्या ओळीतूनच ‘सात महिन्यांचा ब्रेक’ हा नाशिकच्या कामगारवस्तीतला शब्द जन्माला आला. 240 दिवस भरायच्या आत ब्रेक द्यायचा, काही आठवड्यांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा घ्यायचे. मशीन तेच, सुपरवायझर तोच, फक्त मालकाचे नाव बदललेले. अशा माणसाची पाच वर्षे पाच तुकड्यांत विखुरतात, आणि ते तुकडे पुन्हा जोडायला उपयोगी पडते ती फक्त कागदावरची नोंद.

सर्वांत भक्कम नोंद पीएफची. 15,000 रुपये मूळ पगार धरा. त्यातून कामगाराचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापले जातात, आणि मालकाला तेवढेच स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. मालकाच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शन योजनेत जातात, 550 कामगाराच्या खात्यात. ईएसआय या कामगार विमा योजनेचा पाऊण टक्का म्हणजे 113 रुपये आणि व्यवसायकराचे 200 गेले, की हातात 12,887 येतात. शेजारच्या शेडमध्ये ‘कापाकापी काही नाही, रोख 15,000’ असे सांगितले जाते, तेव्हा 2,113 रुपयांचा फरक डोळ्यांत भरतो. पण पहिल्याच्या पीएफ खात्यात दरमहा 2,350 जमा होतात, वर्षाला 28,200, त्यावर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज. पेन्शनची सेवा वेगळी मोजली जाते. त्याचा मृत्यू झाला तर वारसांना पीएफला जोडलेल्या विम्यातून कमाल 7 लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. रोख 15,000 वाल्याने महिन्याला 2,113 जास्त घेतले आणि या सगळ्यावर पाणी सोडले.

पासबुक उघडून पाहिल्याशिवाय मात्र कशावर विश्वास ठेवू नका. स्लिपवर ‘पीएफ 1,800’ छापलेले असते आणि खात्यात काहीच पडलेले नसते, असे घडते. एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून दर महिन्याच्या 20 तारखेनंतर ‘उमंग’ ॲपवर पासबुक उघडून नोंद पाहायची, स्क्रीनशॉट काढायचा आणि स्वतःलाच पाठवून ठेवायचा. दोन मिनिटांचे काम आहे. नवा ठेकेदार आला की तो कधी नवाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढतो. आपला जुना नंबर रुजू होतानाच द्यावा, आणि दोन नंबर झालेच असतील तर ते एकत्र करून घ्यावेत. इथे एक चूक फार महागात पडते. ब्रेक मिळाला, घरात अडचण आली, की मुले पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढून मोकळी होतात. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, आणि एकदा ती रक्कम काढली की तेवढी वर्षे मोजणीतून बाद होतात. सात-सात महिन्यांचे तुकडे जोडून दहा वर्षे भरू शकतात. चार वेळा काढून घेतले तर शून्यापासून चार वेळा सुरुवात होते. अडचण खरी असेल तर फक्त पीएफमधून आगाऊ रक्कम घ्या, पेन्शनला हात लावू नका.

ईएसआयबद्दल तक्रारी असतात: रांग मोठी, डॉक्टर भेटत नाहीत, औषध बाहेरून आणावे लागते. त्या तक्रारी खऱ्या असू शकतात, तरीही कार्ड सोडू नये. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात पॉवर प्रेसवर बोटे जाणे हा अपघात जुना आणि ओळखीचा आहे. ईएसआय असलेल्या कामगाराला कामावर इजा झाली तर काम करता येत नाही तोवर वेतनाच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो. कायमचे अपंगत्व आले तर त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक रक्कम मिळते. हे संरक्षण कामाच्या पहिल्या दिवसापासून लागू आहे. साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के मिळतात. ज्याची नोंद नाही त्याला अपघातानंतर मिळते ते मालकाच्या मर्जीवर: खासगी दवाखान्याचे पहिले बिल, थोडे पैसे, आणि ‘बरा झालास की ये’ एवढे तोंडी आश्वासन. बोट गेलेल्या माणसाला प्रेसवर परत कोण घेणार? 21,000 रुपयांपर्यंत वेतन असेल आणि कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असतील, तर ईएसआय हा तुमचा हक्क आहे, कोणी केलेले उपकार नाहीत.

यावर सर्वांत मोठा आक्षेप असा की हे सगळे बोलायला ठीक, पण गेटबाहेर शंभर जण उभे असताना नेमणूकपत्र मागणाऱ्याला कोण कामावर घेईल? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मागण्याची वेळ आणि रीत महत्त्वाची. मुलाखतीत हक्कांची यादी वाचू नका. तिथे दोनच गोष्टी विचारा: पगार किती तासांचा, आणि पीएफ-ईएसआय आहे का. हे प्रश्न इतके सर्वसाधारण आहेत की नीट चालणाऱ्या कारखान्यात त्यांचे कोणाला काही वाटत नाही. ज्या ठिकाणी या दोन प्रश्नांवरच माणूस नको होतो, तिथे पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्याच क्षणी कळलेले बरे. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात नेमणूकपत्र मागा. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. ‘बँकेत खाते उघडायला लागते’, ‘खोलीमालक मागतो’ असे साधे कारण सांगून मागितले तरी चालते. पत्र हाती पडले की तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा: मालक म्हणून कोणाचे नाव आहे, पद कोणते लिहिले आहे, आणि एकूण पगारात मूळ वेतन किती. भत्ते फुगवून मूळ वेतन चिमूटभर दाखवायची जुनी युक्ती आहे, कारण पीएफ मूळ वेतनावर कापतात. नव्या संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो.

आणि काहीच मिळाले नाही तर? तर नोंद तुम्ही ठेवा. एक साधी दोनशे पानी वही घ्या. तारीख, पाळी, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, मशीन कोणते, सुपरवायझर कोण; रोज एक ओळ. गेटपासचा दोन्ही बाजूंनी फोटो. पगाराच्या बँक मेसेजचा स्क्रीनशॉट. पगार रोख मिळत असेल तर त्या दिवशीच्या ओळीत रक्कम आणि देणाऱ्याचे नाव. तक्रार करायची वेळ आली तर ‘साहेब, मी दोन वर्षे होतो’ या वाक्यापेक्षा अशी रोजच्या रोज लिहिलेली वही कितीतरी जड ठरते. ठेकेदार पळून गेला तरी ज्या कंपनीत काम केले त्या मूळ मालकावर बुडालेल्या वेतनाची जबाबदारी कायदा टाकतो, पण तुम्ही त्या कंपनीच्या आवारात काम करत होता हे दाखवावे लागते.

नोंदीचा उपयोग भांडणापुरता नाही. पुढचे काम मिळवायलाही तीच लागते. अंबडमध्ये कंपन्यांच्या गेटवर ‘पाहिजेत’चे बोर्ड वाचत फिरलात तर दिसेल, की हेल्परची जागा आणि सीएनसी-व्हीएमसी सेटरची जागा यांत पगाराचे मोठे अंतर आहे. ते अंतर कापायला हात बसावा लागतो, आणि हात बसला हे सिद्ध करायला अनुभवपत्र लागते. तीन वर्षे सेटिंग केलेला पण कागदावर हेल्पर असलेला मुलगा नव्या गेटवर पुन्हा हेल्परच ठरतो. म्हणून काम बदलताना पदनाम पाहा. वर्षभर सेटरचे काम करून घेत असतील तर ते लिहून मागा. शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकातच आहे, पाळी सांभाळून पदवी करता येते. आणि कामासाठी कोणालाही पैसे देऊ नका. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राची नोंदणी आणि रोजगार मेळावे विनामूल्य असतात. ‘कंपनीत लावून देतो, दहा हजार दे’ म्हणणारा माणूस ओळखीचा असला तरी तो तुमच्या गरजेवर पोट भरतो आहे.

ट्रेनी या शब्दापाशी जरा थांबायला हवे, कारण त्याच्या आड बरेच काही लपते. अप्रेंटिस कायद्याखालची उमेदवारी खरी असेल तर करार नोंदलेला असतो, शेवटी प्रमाणपत्र मिळते. तिथे पीएफ लागू नसतो, आणि तो सौदा आयटीआय झालेल्या मुलासाठी वाजवी आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. सुरुवातीची सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवली गेली. ही नोकरी नाही आणि त्यातून नोकरीचा हक्क तयार होत नाही, हे डोक्यात पक्के ठेवून प्रमाणपत्रासाठी ती जरूर करावी. मात्र कोणताही नोंदलेला करार नसताना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही ‘ट्रेनी’ म्हणवून उत्पादनाच्या लाइनवर उभे करत असतील, तर ते प्रशिक्षण नाही. कमी पैशातले काम आहे.

दुसरा आक्षेप लहान उद्योजकांचा. अंबडच्या गाळ्यात बारा माणसे घेऊन जॉबवर्क करणारा मालक म्हणतो, मोठी कंपनी माझे बिल तीन-तीन महिने देत नाही, भाव दरवर्षी कमी करायला लावते, मी पीएफ कुठून भरू? हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो; बारा माणसांच्या गाळ्यात तो नसेल तर मालक कायदा मोडत नाही. पण ईएसआय, किमान वेतन आणि दुप्पट ओव्हरटाइम तिथेही आहेत. मोठ्याने लहानाचे पैसे थकवले म्हणून लहानाने त्याच्याहून लहानाचे थकवायचे, हा न्याय मान्य करता येत नाही. त्या मालकाच्या हातातही कायदा आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करायचे आहे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यानुसार थकवलेल्या बिलाची वजावट ते प्रत्यक्ष भरेपर्यंत खरेदीदाराला मिळत नाही. निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांनी सभासदांची थकलेली बिले वसूल करून देण्याला अग्रक्रम दिला, तर त्याचा फायदा पगाराच्या तारखेपर्यंत झिरपेल. कामगाराचा आणि छोट्या मालकाचा प्रश्न इथे एकच आहे.

तिसरा विचार बहुतेक घरांत असतो: या भानगडीत पडण्यापेक्षा सरकारी नोकरीचाच अभ्यास करावा. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर. अभ्यास करू नये असे नाही. पण किती प्रयत्न आणि वयाच्या कितव्या वर्षापर्यंत, हे घरच्यांसमोर आधीच ठरवावे, आणि शक्य असेल तर नोंद असलेले एखादे काम करत अभ्यास करावा. सत्ताविसाव्या वर्षी परीक्षा सोडून गेटवर येणाऱ्या पदवीधराजवळ ना अनुभवपत्र असते ना पासबुक, आणि ठेकेदाराला ते बरोबर ठाऊक असते.

कारखान्याबाहेर तर कागद दिसतच नाही. पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे आदिवासी मजूर पहाटे गिरणारेच्या बाजारात उभे राहतात आणि द्राक्ष-टोमॅटोच्या मळ्यांवर जातात; दर तिथल्या तिथे, तोंडी ठरतो. त्यांना पासबुकाचा सल्ला देणे ही थट्टा होईल. पण टोळीने उक्ते काम घेताना एकरी दर, उचल आणि येण्याजाण्याची गाडी कोणाकडे, एवढे मुकादमाच्या मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करून ठेवता येते. बांधकामावरच्या मजुरांसाठी मात्र आत्ता खरी संधी आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरमध्ये रस्ते, पूल, घाट यांची कामे निघाली आहेत. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाताच्या मदतीपर्यंत बरेच काही त्या नोंदणीवर मिळते. कंत्राटदाराकडून 90 दिवसांचा दाखला काम चालू असतानाच घ्यावा. कुंभमेळा आटोपल्यावर तो कंत्राटदार नाशिकात सापडणार नाही.

पैसे बुडालेच तर एकट्याने दार ठोठावू नका. चार जणांचा एकत्र अर्ज एका माणसाच्या अर्जासारखा सहज बाजूला सारता येत नाही, आणि नाशिकमध्ये कामगार संघटनांची परंपरा मजबूत आहे. आपल्या पट्ट्यात कोणती संघटना काम करते ते विचारून घ्या. वेतनाची तक्रार कामगार उपायुक्त कार्यालयात, पीएफची भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या पोर्टलवर. नव्या वेतन संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे नोकरी सोडल्यानंतरही, सूड घ्यायला कोणी समोर नसताना, मागचे पैसे मागता येतात; तोपर्यंत वही जपून ठेवा. वकिलाची फी परवडत नाही ही अडचण फारशी खरी नाही: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि तिचा अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो.

आज एवढेच करा: वहीच्या पहिल्या पानावर आपला यूएएन, ईएसआयचा नंबर आणि नेमणूकपत्रावरचे मालकाचे नाव लिहा. त्याखाली दोन तारखा लिहा, 1 जानेवारी आणि 1 जुलै. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता महागाईनुसार या दोन तारखांपासून बदलतो. त्यानंतरच्या पहिल्या पगाराची स्लिप आधीच्या स्लिपशेजारी ठेवून पाहा.